काट्याचे आणि चिकाचे झाड दारात असू द्या

फाटकाशी लावलेले युफोर्बिया काढून टाका, अशी मागणी नागपूरच्या फ्लॅट स्कीममध्ये आणि ले-आऊटमधल्या बंगल्यांत वारंवार ऐकू येते. काट्याचे झाड दारात असले की घरात भांडणे होतात. ज्याच्या फांदीतून चीक निघतो ते झाड पैसा टिकू देत नाही. शिवाय ते विषारी, आणि घरात लहान मुले. एवढे करून पावसाळ्यात ते सडतेच, मग त्या जागी लॉन लावू, गुलाब लावू. ही मागणी करणारी माणसे झाडांची शत्रू नाहीत. उलट बागेवर सर्वांत जास्त जीव त्यांचाच असतो, आणि म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे. या शहराच्या उन्हात टिकणारी थोडकी झाडे त्यांच्याच हातून उपटली जातात आणि एप्रिल संपायच्या आत करपणारी झाडे त्यांच्याच हातून लागतात.

कोणत्या झाडाबद्दल बोलतो आहोत ते आधी स्पष्ट करू. नर्सरीत नुसते ‘युफोर्बिया’ म्हटले की जे रोप हातात देतात ते युफोर्बिया मिली. गुडघ्याएवढे झुडूप, बोटभर जाडीच्या करड्या फांद्या, त्यांवर काटे आणि टोकाला लाल, गुलाबी, पिवळी किंवा पांढरी फुले. फुले आपण म्हणतो. त्या जोडीजोडीच्या रंगीत पाकळ्या खरे तर पानांचेच बदललेले रूप आहे, खरी फुले मधोमध अगदी बारीक असतात. म्हणूनच हा बहर आठवडेच्या आठवडे उतरत नाही. झाड मूळचे मादागास्करचे. जवळच्या बूर्बों बेटाचे, म्हणजे आजच्या रियुनियनचे, गव्हर्नर मिलियस यांनी ते १८२१ मध्ये फ्रान्सला नेले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. ज्या प्रजातीत ते मोडते तिच्यात सुमारे दोन हजार जाती आहेत. कोकणात कुंपणाला लावतात तो शेर, डोंगरउतारावरचा त्रिधारी निवडुंग, आयुर्वेदातली स्नुही, नाताळात कुंड्यांतून विकायला येणारा पॉइन्सेटिया आणि अंगणातल्या फरशीच्या फटीतून भर मे महिन्यात वर येणारी नायटी, ही सगळी त्याचीच भावंडे.

आता अशुभाकडे वळतो, कारण बाकीच्या आक्षेपांना खरे बळ तेच देते. ‘शास्त्रात सांगितले आहे’ म्हटले की पुढची चर्चा थांबते. ती थांबू नये. शास्त्रात काय सांगितले आहे ते पूर्ण वाचावे. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय आहे आणि घराजवळच्या झाडांचा विचार त्यात आलेला आहे. काटेरी झाडे घराजवळ असतील तर शत्रूचे भय, चिकाची असतील तर धनाचा नाश, असे तिथे खरोखरच म्हटले आहे. पण त्याच दमात पुढे असेही म्हटले आहे की फळांची झाडे घराजवळ असतील तर संततीचा क्षय होतो, आणि या सर्वांचे लाकूडसुद्धा वर्ज्य करावे. नागपुरातल्या किती घरांनी या वचनाखातर अंगणातला आंबा तोडला? किती जणांनी पेरू, सीताफळ, संत्रा काढून टाकला? एकाही ले-आऊटमध्ये असा ठराव झाल्याचे ऐकिवात नाही. फळ हवे असते म्हणून वचनाचा तिसरा भाग विसरला जातो, काटा नको असतो म्हणून पहिला भाग लक्षात राहतो. याला श्रद्धा म्हणता येणार नाही. श्रद्धा असती तर ती तिन्ही भागांवर सारखी बसली असती.

आणि वराहमिहिर तिथेच थांबत नाही. ही झाडे तोडायची नसतील तर त्यांच्या मधून शुभ मानलेली दुसरी झाडे लावावीत, असा उपाय तो लगेच देतो. त्या शुभ झाडांच्या यादीत अशोक आणि बकुळ तर आहेतच, पण फणस आणि शमीही आहेत. फणसाला चीक येतो हे विळीला तेल लावून फणस कापणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि तो फळझाडही आहे. शमीला काटे असतात. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधाराने काटा आणि चीक यांना हद्दपार केले जाते, त्याच ग्रंथाच्या उतारा-यादीत काटाही आहे आणि चीकही आहे. तोडण्याची सक्तीसुद्धा त्या ग्रंथात नाही. मला त्या जुन्या विद्वानाचा अनादर करायचा नाही. उलट, त्याने जितके तारतम्य ठेवले तितकेही त्याचे नाव घेणारे ठेवत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

ग्रंथ बाजूला ठेवून रोजचा व्यवहार पाहिला तरी हेच दिसते. महादेवाला वाहतो तो बेल काटेरी. दसऱ्याला पूजतो ती शमी काटेरी. मारुतीच्या गळ्यात घालतो ती रुई चिकाने भरलेली. दाराशी लिंबाचे झाड असावे असे सगळ्यांना वाटते, त्यालाही काटे असतातच. गुलाबाला काटे आहेत म्हणून कोणी गुलाब नाकारलेला नाही. बंगालमध्ये स्नुहीचे झाड मनसादेवीचे रूप मानून घराच्या अंगणात पूजतात. पुण्यात नाना पेठेतला विठोबा निवडुंगाच्या रानात सापडला म्हणून निवडुंग्या विठोबा म्हणवतो आणि तुकोबांची पालखी त्याच्याकडे मुक्काम करते. थायलंडमध्ये तर हेच युफोर्बिया मिली भाग्याचे झाड आहे. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांनी त्याला चिनी कथांमधल्या अष्टसिद्धांचे नाव दिले, एका गुच्छात आठ फुले आली की घराची भरभराट होते असे मानले, आणि त्या हौसेपोटी मोठमोठ्या फुलांच्या असंख्य जाती तयार केल्या. आपल्या नर्सऱ्यांमध्ये ‘थाई युफोर्बिया’ म्हणून मिळतात त्या याच घराण्यातल्या. एकाच झाडाने बँकॉकच्या घरात पैसा आणायचा आणि नागपूरच्या घरातून घालवायचा, हे संभवत नाही. झाड दोन्हीकडे फक्त ऊन खाते आणि फुलते.

विषाचा आक्षेप मात्र खरा आहे, निदान अर्धा खरा. या कुळाचा चीक त्वचेला झोंबतो, डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. शेराचा चीक सर्वांत वाईट. तो डोळ्यात जाऊन बुबुळाला इजा झाल्याच्या, काही काळ दिसेनासे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तेव्हा शाळेच्या कुंपणाला, मुलांच्या घसरगुंडीजवळ शेर लावू नये, असेल तर काढावा, आणि तो काढणाऱ्या माणसाला चष्मा व हातमोजे द्यावेत. यात मी तसूभरही मागे हटणार नाही. युफोर्बिया मिलीचा चीक त्या मानाने सौम्य, तरी छाटणी करताना हातमोजे हवेतच, चीक लागलेला हात डोळ्याला लावायचा नाही आणि साबणाने धुवायचा. डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहायचे आणि डॉक्टरकडे जायचे.

पण विषारी म्हणून झाड काढायचे ठरले तर सुरुवात दुसरीकडून करावी लागेल. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीची बी हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेऊ शकते. तीच कण्हेर रस्त्यांच्या दुभाजकांवर ओळीने उभी आहे, आपल्या अंगणात आहे, तिचे फूल देवाला जाते. धोतऱ्याची तीच कथा. आपण या झाडांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलो कारण मुलांना लहानपणीच शिकवले: हे तोंडात घालायचे नाही. युफोर्बियाच्या बाबतीत तर काटे स्वतःच राखण करतात, आणि चीक जिभेला इतका झोंबतो की दुसऱ्यांदा तोंड लावण्याची इच्छा होत नाही. कण्हेरीला अभय आणि युफोर्बियाला हद्दपारी, या निवाड्यात विषाचा विचार कुठेच नाही. तिथेही काट्याची जुनी भीतीच बोलते आहे.

चिकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटे दोऱ्यावर चढवून क्षारसूत्र तयार होते. भगंदरावरचा हा जुना उपचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा उभा केला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना करणारी चाचणी घेतली. १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा जखम भरायला वेळ अधिक लागतो, पण रोग उलटण्याचे प्रमाण कमी राहते असे दिसले. ब्राझीलमध्ये युफोर्बिया मिलीच्याच चिकाने, माणसांत रोग पसरवणाऱ्या पाणगोगलगायी मारता येतात का, यावर संशोधन झाले. १९६१ चे नोबेल मिळवणारे मेल्विन कॅल्विन शेराच्या चिकातून इंधन काढता येईल या विचाराने झपाटले होते. घरी असले काही करून पाहू नये हे वेगळे सांगायला नको. मात्र ज्या चिकाला आपण दारिद्र्याची खूण समजतो, त्याच्याकडे जगातल्या शहाण्या माणसांनी फार वेगळ्या नजरेने पाहिले.

आता पाणी. इथे माझा आवाज थोडा चढला तर वाचकांनी समजून घ्यावे, कारण काढलेल्या युफोर्बियाच्या जागी लॉन येते आणि नागपुरात लॉन ही अंगणातली चैन राहत नाही, तिचा भार सगळ्या शहरावर पडतो. २३ मे २०१३ रोजी या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपात काय होते हे इथे कोणाला समजावून सांगायला नको. सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठी महापालिकेला हिरव्या जाळ्या बांधाव्या लागतात. अशा दिवसांत गवत आणि जमीन मिळून रोज किमान सहा मिलिमीटर पाणी हवेत सोडतात असे धरू, आणि हे धरणेही हात आखडूनच आहे. हजार चौरस फुटांचे लॉन म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हिशेब रोजच्या ५५८ लिटरवर जातो. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण माणशी १३५ लिटर आहे. चार माणसांच्या कुटुंबाचे आंघोळ, धुणी-भांडी, स्वयंपाक, पिणे सगळे मिळून ५४० लिटर. एवढेसे लॉन एका अख्ख्या कुटुंबापेक्षा जास्त पिते, तेही त्याच महिन्यात जेव्हा घरोघरी कूलरच्या टाक्या भराव्या लागतात.

पेंच आणि कन्हान नद्यांचे पाणी आहे, काळजी कशाला, असे म्हणणाऱ्यांना २०१९ आठवावे. जुलै महिना अर्धा सरला, पाऊस नाही, पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा संपलेला, आणि नागपूरला दिवसाआड पाणी घ्यावे लागले. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाल्यापासून खाली येणारे पाणी पूर्वीसारखे हमखास राहिलेले नाही. ‘आमचे तर बोरवेलचे पाणी’ हे उत्तरही लंगडे आहे. शहराच्या पश्चिम भागाखाली काळा बेसॉल्ट आहे, त्यात पाणी फटींमध्ये साठते; एकाच्या बोरमधून उपसले की शेजारच्याची पातळी उतरते. सांडपाणी शुद्ध करून लॉनला द्यावे, ही सूचना चांगली आहे, पण भांडेवाडीच्या सांडपाणी प्रकल्पात शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते आणि तिथे त्याचा उपयोग लॉनपेक्षा मोठा आहे.

या उलट जमिनीत रुजलेले युफोर्बियाचे झुडूप मे महिन्यात आठवड्यातून एकदा पाणी मिळाले तरी उभे राहते. चुकून दोन आठवडे मिळाले नाही तर पाने टाकते, मरत नाही; खोडातल्या साठ्यावर दिवस काढते आणि पाणी मिळाले की पुन्हा पालवते. या कुळातल्या अनेक मांसल जातींची युक्ती आणखी पुढची आहे. शेराच्या हिरव्या फांद्या दिवसा आपली रंध्रे मिटून घेतात, रात्री हवा निवली की ती उघडून कर्बवायू आत घेऊन साठवतात आणि दिवसा बंद दाराआड त्याचे अन्न करतात. फटीतली नायटी तिसरीच रीत वापरते, मक्या-उसासारखी, तापत्या उन्हात कमी पाण्यात जास्त वाढ करून घेणारी. प्रकाशसंश्लेषणाच्या या दोन आणि बहुतेक झाडांची नेहमीची, अशा तिन्ही रीती एकाच प्रजातीत आढळाव्यात हे वनस्पतिशास्त्रात विरळा आहे. उन्हाशी जमवून घेण्याचे इतके मार्ग ज्या कुळाने शोधले, त्याला आपल्या शहराने दारातून परत पाठवू नये.

सडण्याचा आक्षेप अनुभवातून आलेला आहे, म्हणून त्याला मी मान देतो. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपर्यंत काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक कोसळला आणि नाग नदीने घरे बुडवली. कपाशीच्या काळ्या मातीत खड्डा करून युफोर्बिया लावले तर त्या खड्ड्यात पाणी तुंबते आणि खोड बुडापासून मऊ पडते. हा दोष लावण्याचा आहे. मादागास्करच्या बऱ्याच भागातही चार-पाच महिने पाऊस आणि मग लांब कोरडा काळ असतो, ऋतूंची घडण आपल्यासारखीच. फरक एवढा की तिथे हे झाड खडकाच्या अंगावर उभे असते आणि पाणी त्याच्या मुळाशी थांबत नाही. तो खडक आपल्याला करून द्यायचा आहे. जमिनीपासून फूटभर उंच वाफा बांधा. मुरूम आणि विटांचे बारीक तुकडे मिळून दोन भाग, माती एक भाग, थोडे कुजलेले शेणखत. कन्हानची रेती वापरू नये असे माझे मत आहे. त्या नदीचे पात्र आधीच पुरेसे उपसले गेले आहे आणि बांधकामाचा चाळलेला राडा हे काम तितकेच चांगले करतो. कुंडी असेल तर मातीची घ्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत गच्चीवरच्या उन्हात मुळे अक्षरशः उकडतात आणि दोष झाडावर येतो. जून ते सप्टेंबर वरून पाणी अजिबात घालायचे नाही.

परदेशी पुस्तके आणि व्हिडिओ पाहून लोक युरोपातल्या थंडीला सरावलेल्या युफोर्बियांचे बी मागवतात, त्यांच्याबद्दल दोन शब्द. भूमध्य समुद्राकाठच्या निळसर पानांच्या जाती तिथे ओल्या हिवाळ्यावर आणि कोरड्या उन्हाळ्यावर वाढतात. आपल्याकडे ऋतू उलटे, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात त्या जगणे कठीण. त्यांच्या अपयशावरून सगळ्या कुळाला बाद ठरवणे चुकीचे आहे.

राहिला पर्यावरणप्रेमींचा प्रश्न: हे झाड बाहेरचे, सावली न देणारे. सावलीबद्दल ते बरोबर आहेत. जिथे कडुनिंब लावता येतो तिथे कडुनिंबच लावा, पश्चिमेला तर नक्कीच. झाड तोडून त्या जागी युफोर्बियाच्या कुंड्या मांडणाऱ्यांच्या बाजूने मी कधीच उभा राहणार नाही. पण गच्ची, कठड्याची कडा, भिंत आणि फरशी यांच्यामधली दीड फुटांची पट्टी, सेप्टिक टाकीवरची उथळ माती, दुभाजकाचा तापलेला मधला भाग, इथे वृक्ष मावत नाही आणि लॉन जगत नाही. बाहेरचे म्हणाल तर गुलाबाच्या आजच्या जाती, पिटुनिया, बोगनवेल, आणि लॉनची बहुतेक गवतेही बाहेरचीच. घाणेरी आणि गाजरगवत यांनी जे केले ते युफोर्बिया मिलीने कुठे केलेले नाही. ते आपल्याकडे बियांनी पसरत नाही, फांदी लावावी तेव्हाच वाढते. या कुळातले एक तण विदर्भाच्या सोयाबीन-कपाशीत शेतकऱ्याला छळते, तो दुधीचा प्रकार वेगळा आणि त्याला उपटणेच योग्य. आणि ज्यांना देशीच हवे त्यांनी लक्षात घ्यावे की खंडाळा, पाचगणी आणि कात्रज या तिन्ही ठिकाणांची नावे मिरवणाऱ्या युफोर्बियाच्या जाती आपल्या सह्याद्रीत आहेत. मात्र त्या पठारावरून खणून आणू नका. त्यांचे तिथेच राहणे कुठल्याही बागेपेक्षा महत्त्वाचे आहे.

थाई रोपे महाग असतात हा शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत सोपा. महाग रोप घेण्याची गरजच नाही. जुन्या साध्या लाल जातीची वितभर फांदी फेब्रुवारीत कापावी, कापलेले टोक पाण्याखाली धरून चीक थांबवावा, पाच-सहा दिवस सावलीत सुकू द्यावी आणि मग मुरुमाच्या मिश्रणात खोचावी. जुलैत हा उद्योग करू नये, बहुतेक फांद्या कुजतील. ज्यांच्याकडे वाढलेले झुडूप आहे त्यांना छाटणी करावीच लागते आणि काटेरी फांद्या कुठे टाकायच्या हा प्रश्न त्यांना असतोच. त्यांच्याकडे जा, हातमोजे घालून जा, आणि पिशवीभर मागून आणा.